‘शी’, ‘वर’ आणि ‘चा’ : चढाओढीच्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

स्पर्धा, शर्यत, हेवा, आव्हान अशा एकमेकांच्या आसपास वावरणाऱ्या शब्दांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : निबंध तपासताना ‘स्पर्धा’, ‘चढाओढ’, ‘चुरस’, ‘शर्यत’ आणि ‘अहमहमिका’ हे शब्द विद्यार्थी एकाच्या जागी दुसरा असे सर्रास वापरताना दिसतात. समानार्थी शब्दांच्या यादीतही ते शेजारी शेजारी दिलेले असतात. एका विद्यार्थ्याने ‘दोन्ही संघांनी एकमेकांची चुरस केली’ असे लिहिले. ते मला खटकले, पण चूक नेमकी काय आहे, हे त्याला समजावून सांगता आले नाही. (एक शिक्षिका)

उत्तर : तुमच्या कानाला जे खटकले ते योग्यच खटकले. चुरस कोणी करत नाही. ती लागते, वाढते, निर्माण होते. शिवाय ती कोणाची नसते, दोघांत किंवा अनेकांत असते. ‘दोन्ही संघांत चुरस लागली’ हे मराठी वाक्य झाले. दोन बाजू जवळजवळ सारख्या ताकदीच्या असल्या म्हणजे त्यांच्या मधल्या जागेत जो ताण उत्पन्न होतो, त्याचे नाव चुरस. म्हणूनच दुबळ्या आणि बलाढ्य संघांमध्ये सामना होऊ शकतो, स्पर्धा होऊ शकते, पण त्यात चुरस असेलच असे नाही.

अशा शब्दांचा अर्थ कोशात पाहण्याआधी त्यांच्या अलीकडे कोणता प्रत्यय किंवा कोणते शब्दयोगी अव्यय येते ते पाहावे, असे मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे. स्पर्धा, झुंज, सामना, टक्कर, बरोबरी या सगळ्यांच्या अलीकडे ‘शी’ येतो: त्याच्याशी स्पर्धा, तिच्याशी झुंज, त्यांच्याशी बरोबरी. हा ‘शी’ मराठीत बोलण्यासाठी, लग्नासाठी, मैत्रीसाठी आणि भांडणासाठीही तोच असतो, म्हणजे दोघे समोरासमोर आणि एकाच पातळीवर उभे आहेत एवढेच तो सांगतो. मात, कुरघोडी, सरशी या शब्दांच्या अलीकडे ‘वर’ येते: त्याच्यावर मात केली, तिच्यावर कुरघोडी केली. येथे एक वर गेला आहे आणि दुसरा खाली आला आहे. हेवा, मत्सर, द्वेष यांना ‘चा’ लागतो: त्याचा हेवा, तिचा मत्सर. आपला कोणी हेवा करतो आहे हे त्या दुसऱ्या माणसाच्या गावीही नसेल, तरी वाक्य पुरे होते. चुरस आणि अहमहमिका यांना ‘त’ किंवा ‘मध्ये’ हवे असते, कारण त्या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. तुमच्या विद्यार्थ्याची चूक या प्रत्ययाची होती.

आता त्या पाचही शब्दांना एकाच प्रसंगात बसवून पाहू. धावपट्टीवर दोन मुली धावत आहेत. शेवटचे पन्नास मीटर उरले आहेत. एकीचा खांदा वीतभर पुढे आहे आणि मागच्या पावलांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येतो आहे. ही धावण्याची शर्यत. नियम, पंच, नोंदणी आणि पारितोषिके यांसह ज्या मोठ्या आयोजनात ती भरली आहे, ती स्पर्धा. त्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये दोघींत जी लागली आहे, ती चुरस. पहिला क्रमांक एकच आहे हे ठाऊक असल्यामुळे महिनाभर सरावाच्या वेळी एकीने एक फेरी जास्त मारली की दुसरीने दोन मारायच्या, असे जे चालले होते, ती चढाओढ. निकाल लागल्यावर श्रेय कोणाचे हे सांगण्यासाठी चार माणसे एकाच वेळी पुढे सरसावली, तर त्यांच्यात लागते ती अहमहमिका.

‘अहमहमिका’ हा शब्द मुलांना जड वाटतो, पण त्याची फोड सांगितली की तो विसरला जात नाही: अहम् अहम्, म्हणजे ‘मी, मी’. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात हा शब्द क्षत्रियवर्गात, युद्धासंबंधीच्या शब्दांच्या सोबतीने आला आहे, आणि ‘मी आधी, मी आधी’ अशा अर्थाची ‘अहंपूर्विका’ त्याच्या जवळच बसलेली आहे. ‘अहंपूर्विका’ मराठीत रुळली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. दार उघडताच आत घुसणाऱ्या गर्दीसाठी तिच्याइतका नेमका शब्द आपल्याकडे नाही. ‘चढाओढ’ मात्र अस्सल घरगुती शब्द आहे. त्यात चढणे आहे आणि ओढणेही आहे. वर चढणारा आणि त्याला खाली ओढणारा अशी दोन्ही माणसे त्या एका शब्दात दिसतात. स्पर्धेत दुसऱ्याला खाली ओढण्याची सोय नसते, चढाओढीत ती गृहीत धरलेली असते. म्हणून संस्थेच्या अहवालात ‘निकोप स्पर्धा’ शोभते, ‘निकोप चढाओढ’ जरा अडखळते.

‘शर्यत’ अरबी ‘शर्त’ या शब्दाच्या कुळातली आहे आणि शर्त म्हणजे अट. ‘आपण शर्यत लावू’ असे म्हणताना आजही त्यात पैजेचा अर्थ डोकावतो: अमुक झाले तर तू हरलास, तमुक झाले तर मी. ‘पैज’ त्याहून जुनी. ती संस्कृत ‘प्रतिज्ञा’ या शब्दापासून प्राकृतातून झिजत आली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीचा बोल ‘अमृतातेंही पैजा जिंके’ असे म्हटले आहे, ते आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे १२९० मध्येही पैज ही जिंकण्याचीच गोष्ट होती आणि या शब्दाच्या रूपात तेव्हापासून आजपर्यंत फारसा फरक पडलेला नाही. मूळ अर्थ शब्दाने स्वतःला बांधून घेण्याचा होता, तो बाजी लावण्याचा झाला. शर्यत आणि पैज या दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या शब्दांच्या मुळाशी आधी केलेला करार आहे, हे मुलांना सांगून पाहा. न ठरवता धावले तर ती पळापळ होते, शर्यत होत नाही.

प्रश्न : ‘ती ईर्षेने अभ्यासाला लागली’ असे मी एका कथेत लिहिले. संपादकांनी ‘ईर्षा हा दुर्गुण आहे’ असे म्हणून तेथे ‘जिद्दीने’ केले. हा बदल योग्य होता का? हेवा, मत्सर, असूया आणि ईर्षा यांत फरक कसा करावा?

उत्तर : माझ्या मते तो बदल योग्य नव्हता, आणि हे मी थोड्या अपराधी भावनेने लिहितो आहे, कारण हीच दुरुस्ती मीही एकदा एका हस्तलिखितात केली होती. त्या लेखकाने मला शांतपणे विचारले होते की, “जिद्द एकट्याची असते, माझ्या नायकाला दुसऱ्या कोणाच्या तरी पुढे जायचे आहे, ते तुमच्या शब्दात कुठे आले?” त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले आणि मी शब्द पूर्ववत केला.

संस्कृतातील ‘ईर्ष्या’ दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे या अर्थाची आहे. मराठीत मात्र ‘ईर्षा’ या रूपाने तिने आणखी एक छटा कमावली: दुसऱ्याने केले ते पाहून आपणही करून दाखवू, अशी पेटून उठलेली वृत्ती. ‘ईर्षेने खेळणे’, ‘ईर्षेला पेटणे’ या प्रयोगांत निंदा नसते. ‘इरेला पेटणे’ आणि ‘इरेस पडणे’ हे वाक्प्रचारही त्याच भावनेचे आहेत; फक्त इरेला पेटलेला माणूस मागचापुढचा विचार सोडून देतो, एवढी जास्तीची सूचना त्यांत आहे. तुमच्या वाक्यातील मुलगी कोणाच्या तरी यशाकडे पाहून अभ्यासाला लागली असेल, तर ‘ईर्षेने’ हाच शब्द हवा. पहिले अक्षर दीर्घ लिहावे. ‘इर्षा’ हे रूप छापील मजकुरातही वारंवार दिसते, पण ते अशुद्ध आहे.

उरलेल्या तिघांपैकी ‘हेवा’ सर्वांत सौम्य. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण एखाद्याला तोंडावर, हसून, कौतुक म्हणून सांगू शकतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ हे कोणी तोंडावर सांगत नाही. हेव्याला त्या माणसाजवळ असलेली गोष्ट आपल्यालाही हवी असते. ती त्याच्याजवळही राहिली तर हेव्याची हरकत नसते. मत्सराला ती त्याच्याजवळ असणेच सोसत नाही. अमरकोशाने मत्सराचा अर्थ ‘अन्यशुभद्वेष’ असा एकाच समासात दिला आहे: दुसऱ्याच्या भल्याचा द्वेष. षड्रिपूंत त्याला शेवटची जागा मिळाली असली, तरी तो शेवटपर्यंत टिकणारा आहे.

‘असूया’ मात्र बहुतेक जण मत्सराचाच भारदस्त पर्याय म्हणून वापरतात आणि तेथे एक चांगला शब्द वाया जातो. अमरकोशाच्या मते असूया म्हणजे ‘दोषारोपो गुणेष्वपि’, म्हणजे गुणांवरही दोषाचा आरोप करणे. एका सहकाऱ्याचे व्याख्यान उत्तम झाले, असे समजा. मत्सरी माणूस घरी जाऊन तळमळतो. असूया असलेला माणूस तेथेच, चहाचा पेला हातात असताना म्हणतो, “बोलला छान, पण फारच सोपे करून सांगितले.” सोपे करून सांगणे हा त्या व्याख्यानाचा गुण होता, आणि त्यालाच दोष ठरवले गेले. मत्सर मनात राहू शकतो. असूयेला बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. परीक्षण, समीक्षा, मूल्यमापन अशा कामांत असलेल्यांनी तरी हा फरक जपावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण स्वतःच्या लेखनातील असूया ओळखायची तर तिचे नाव हाताशी असावे लागते.

प्रश्न : ‘आव्हान’ आणि ‘आवाहन’ यांत माझा नेहमी गोंधळ होतो. लक्षात ठेवण्याची काही युक्ती सांगता येईल का?

उत्तर : आवाहन करतात, आव्हान देतात, क्रियापदे लक्षात ठेवली तरी निम्मे काम होते. रक्तदानाचे आवाहन केले जाते, प्रतिस्पर्ध्याला आव्हान दिले जाते. ‘आवाहन’ हा शब्द ‘वह्’ या धातूपासून आला, म्हणजे आपल्याकडे घेऊन येणे. ‘आव्हान’ हे संस्कृत ‘आह्वान’चे मराठी रूप, ‘ह’ आणि ‘व’ यांनी उच्चारात जागा बदलल्या आणि लेखनातही तेच रूप स्थिरावले. मुळात त्याचा अर्थ नुसती हाक असा होता.

ही हाक केव्हा मैत्रीची आणि केव्हा लढतीची, हे संस्कृतात क्रियापदाच्या रूपावरूनच कळत असे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने ‘स्पर्धायामाङः’ असे एक सूत्रच केले आहे: हाक मारणे या अर्थाचा ‘ह्वे’ हा धातू ‘आ’ उपसर्गासह स्पर्धेच्या अर्थी आला, तर तो आत्मनेपदी चालतो, म्हणजे त्याच्या शेवटी ‘ति’ऐवजी ‘ते’ येते. त्यावर टीकाकार उदाहरण देतात, ‘मल्लो मल्लमाह्वयते’, एक मल्ल दुसऱ्या मल्लाला ललकारतो. गुराखी गाईला हाक मारतो तेव्हा मात्र ‘आह्वयति’. धातू तोच, उपसर्ग तोच, आणि केवळ शेवटच्या स्वरात लढाई दडलेली! मराठीने ही सोय गमावली, पण त्याऐवजी दोन स्वतंत्र शब्द मिळवले. ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

अलीकडे कोणत्याही अवघड कामाला ‘आव्हान’ म्हणण्याची रीत पडली आहे. पावसात पोचणे आव्हान, लहान मुलाला जेवू घालणे आव्हान. शब्दांचे अर्थ पसरतात हे मान्य आहे, तरीही जेथे कोणी ललकारलेले नाही तेथे ‘अवघड’, ‘कठीण’, ‘जिकिरीचे’, ‘कसोटी पाहणारे’ यांपैकी एखादा शब्द निवडला, तर वाक्य अधिक खरे होते.

प्रश्न : स्पर्धक आणि प्रतिस्पर्धी यांत काय फरक आहे? प्रतिस्पर्ध्यासाठी जुन्या भाषेत वेगळा शब्द होता का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते: ‘त्या स्पर्धेत चाळीस स्पर्धक होते, पण तिची प्रतिस्पर्धी एकच होती.’ स्पर्धक मोजता येतात. प्रतिस्पर्धी कोणाचा तरी असावा लागतो.

दुसरा भाग मला फार प्रिय आहे. संस्कृतात प्रतिस्पर्धी या अर्थाचा ‘सपत्न’ हा पुल्लिंगी शब्द आहे, आणि तो ‘सपत्नी’ म्हणजे सवत या शब्दावरून घडवला गेला. एका नवऱ्याच्या दोन बायकांमधील नात्यावरून राजाच्या शत्रूला नाव मिळाले! मराठीत ‘सवतीमत्सर’ हा शब्द दोन कचेऱ्यांविषयी किंवा दोन लेखकांविषयी आपण सहज वापरतो, तेव्हा नकळत तीच वाट चालत असतो. दुसरा शब्द ‘भ्रातृव्य’. त्याचा एक अर्थ पुतण्या आणि दुसरा अर्थ शत्रू. पाणिनीने या दोन अर्थांसाठी लागोपाठ दोन सूत्रे दिली आहेत, आणि दुसऱ्या सूत्रात शत्रूसाठी त्याने योजलेला शब्द नेमका ‘सपत्न’ हाच आहे. ‘भाऊबंदकी’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात प्रेम येत नाही, बांधावरचा तंटा येतो, यात सगळे आले.

लॅटिनमध्येही असेच घडले आहे. एकाच ओढ्याचे पाणी वापरणाऱ्या शेजाऱ्यासाठी असलेल्या शब्दापासून इंग्रजी ‘रायव्हल’ हा शब्द आला. ओढा, नवरा, वडिलोपार्जित जमीन: तिन्ही ठिकाणी माणसे दूरची नाहीत, एकाच गोष्टीत वाटा असलेली आहेत. म्हणून प्रतिस्पर्धी आणि शत्रू हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. शत्रू कोठूनही येऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याला तीच गोष्ट हवी असते जी मला हवी आहे, आणि म्हणून तो नेहमी जवळपासचाच असतो.

प्रश्न : खेळांच्या बातम्यांत ‘धूळ चारली’, ‘धुव्वा उडवला’, ‘चिरडले’, ‘खात्मा केला’ अशी भाषा असते. ही हिंसक भाषा टाळावी, असे तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : सरसकट नाही. या शब्दांचे दोन गट आहेत. ‘धूळ चारणे’, ‘चितपट करणे’, ‘अस्मान दाखवणे’, ‘शड्डू ठोकणे’, ‘डावपेच’ हे कुस्तीच्या आखाड्यातून आले आहेत. पाठीवर पडलेल्या माणसाला आकाश दिसते, म्हणून अस्मान दाखवणे. पालथा पडला तर तोंडात माती जाते, म्हणून धूळ चारणे. तो माणूस नंतर अंग झाडून उठतो आणि जिंकणाऱ्याशी हात मिळवतो. ‘शह’, ‘काटशह’ आणि ‘मात’ बुद्धिबळाच्या पटावरून आले. तेथेही सोंगट्या पुन्हा मांडता येतात. एका खेळाने दुसऱ्या खेळाला दिलेले हे शब्द आहेत आणि ते मला आवडतात. ‘चिरडणे’, ‘खात्मा’, ‘कत्तल’ यांच्यानंतर कोणी उठत नाही. ते खेळाच्या बातमीत नसावेत.

हिंसेपेक्षा मला अचूकपणाची काळजी अधिक वाटते. एका गुणाच्या फरकाने जिंकलेल्या सामन्याला ‘धुव्वा’ म्हटले, की वाचकाला खोटी बातमी दिली जाते. आपल्याजवळ निसटता विजय आहे, निर्विवाद विजय आहे, अटीतटीची लढत आहे, निकराची झुंज आहे, एकतर्फी सामना आहे. इतकी बारीक मोजपट्टी हाताशी असताना प्रत्येक सामन्यावर एकच घण मारण्याचे कारण नाही.

प्रश्न : ‘माझी स्पर्धा माझ्याशीच आहे’ हे वाक्य मराठी वाटते का?

उत्तर : व्याकरणाने शुद्ध आहे, पण मराठीला त्याची गरज पडू नये. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘स्पर्ध’ हा तिसराच धातू आहे आणि त्याचा अर्थ ‘संघर्ष’ असा दिला आहे. सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात भट्टोजी दीक्षित त्या संघर्षाचा अर्थ ‘पराभिभवेच्छा’ असा सांगतात, म्हणजे दुसऱ्याला नमवण्याची इच्छा. दुसरा नाही तर स्पर्धा नाही. गंमत अशी, की ‘संघर्ष’ या शब्दाने मराठीत हा ‘दुसरा’ जवळजवळ सोडून दिला. ‘संघर्ष करून शिकला’ असे म्हणताना समोर माणूस नसतो, परिस्थिती असते. मूळ अर्थ घासले जाणे असा आहे आणि तो या वापराला शोभतो.

दुसरा कोणी नसताना केलेल्या कष्टांसाठी मराठीत झटणे, खपणे, राबणे, धडपडणे अशी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्या अलीकडे ‘शी’ येत नाही, ‘वर’ही येत नाही, ‘साठी’ येते. कशासाठी झटतो ते सांगावे लागते, कोणाशी ते विचारले जात नाही. तुमच्या वाक्याऐवजी ‘कालच्यापेक्षा आज बरे जमावे यासाठी मी झटतो’ असे लिहून पाहा. वाक्य लांबले, पण त्यातला माणूस दिसू लागला.

प्रश्न : ‘सामना बरोबरीत सुटला’ असे म्हणतात आणि ‘त्याची बरोबरी कोणी करू शकत नाही’ असेही म्हणतात. शब्द एकच आहे का?

उत्तर : एकच आहे. पहिल्या वाक्यात ती निकाल आहे, दुसऱ्यात योग्यता. ‘त्याच्याशी बरोबरी करू नकोस’ असे दटावताना मात्र ती आगळीक होते. मोठ्या भावंडाने धाकट्याला हे वाक्य ऐकवले नाही असे घर क्वचितच असेल, आणि धाकट्याने ते मनावर घेतले असे घर त्याहूनही क्वचित.